मनास्लू, शरद २०२६ : मोहिमेच्या तयारीच्या नोंदी

११ जानेवारी २०२६, रविवार, पुणे

शिखर नक्की झालं: मनास्लू, ८१६३ मीटर, उंचीने जगात आठवं. मोसम मान्सूननंतरचा. आठ हजारी शिखरांमध्ये वाट तुलनेने सोपी म्हणून बरेच जण पहिलं आठ हजारी हेच निवडतात. वाट सोपी म्हणजे डोंगर सुरक्षित, असं मात्र नाही. इथला धोका कठीण खडकाचा नसून ताज्या बर्फाचा आहे, आणि सप्टेंबरात मनास्लूवर बर्फ भरपूर पडतो.

संघ: सहा सदस्य आणि आमच्याकडचे दोन प्रशिक्षक, म्हणजे परवान्यावर आठ नावं. नेपाळच्या नव्या नियमानुसार आठ हजारी शिखरावर दोन गिर्यारोहकांमागे एक गाइड सक्तीचा आहे, त्या हिशेबाने चार पुरले असते. आम्ही आठ शेर्पा धरले. कारण साधं आहे. चढाईच्या रात्री सहापैकी एक जण जरी परत फिरला तरी त्याच्याबरोबर एक शेर्पा खाली जातो. एकास-दोनच्या हिशेबात त्याच क्षणी दुसरा सदस्य एकटा पडतो किंवा धडधाकट असून त्यालाही फिरावं लागतं.

परवाना शुल्क १ सप्टेंबर २०२५ पासून वाढलं आहे. शरद मोसमात एव्हरेस्ट सोडून इतर आठ हजारी शिखरांसाठी माणशी ९०० डॉलर होते, ते १५०० झाले. आठ जणांचे १२,००० डॉलर. परवान्याची मुदत ७५ दिवसांवरून ५५ वर आली. आमचा बेत सहा आठवड्यांचा, तेव्हा अडचण नाही. जुन्या दरपत्रकावरून अंदाजपत्रक करू नये.

२५ जानेवारी

तारखांचं काम पंचांग समोर ठेवून केलं आणि त्याचा उपयोग झाला.

यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे सगळे सण उशिरा. दसरा २० ऑक्टोबरला. एरवी दशैं (नेपाळचा दसऱ्याचा सण) सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलं की परतीच्या वेळी हमाल मिळत नाहीत, सगळे घरी जातात आणि त्यांनी जावंच. यंदा ८ ऑक्टोबरपर्यंत सामान खाली आलं तर कुणाचा सण बुडत नाही.

चंद्र: भाद्रपद पौर्णिमा २६ सप्टेंबर. पौर्णिमेनंतरचा चंद्र उशिरा उगवतो आणि पहाटेपर्यंत वर असतो. कॅम्प ४ वरून निघायचं मध्यरात्रीनंतर एकला, म्हणजे २८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर या रात्री आपल्याला हव्या त्या वेळी उजेड मिळतो. हेडटॉर्च असतेच, पण पायाखालच्या दहा फुटांपलीकडचा उतार दिसला तर माणसाचा अंदाज आणि धीर दोन्ही टिकतात. अर्थात तारीख शेवटी वाराच ठरवणार.

हे दिवस पितृपंधरवड्यात येतात. सदस्यांनी घरच्यांना आत्ताच कल्पना द्यावी. सप्टेंबरअखेर फोनवर हा विषय निघाला तर वर बसलेल्या माणसाची झोप उडते.

कच्चं वेळापत्रक: २९ ऑगस्ट काठमांडू, बुढी गंडकीच्या खोऱ्याने चालत ८ सप्टेंबरला सामागाव (सुमारे ३५०० मी.), ११ ला बेस कॅम्प (सुमारे ४८००). विरळ हवेची सवय व्हावी म्हणून पहिली फेरी कॅम्प १ पर्यंत (५७००). दुसरी फेरी कॅम्प २ वर मुक्काम (६३००) आणि कॅम्प ३ ला (६८००) हात लावून परत. मग किमान चार दिवस पूर्ण विश्रांती, आणि शेवटची चढाई.

दुसऱ्या बाजूने, बेसीसहर-भीमथांग-लारक्या ला (खिंड) असा रस्ता दिवसांनी कमी पडतो, पण भीमथांगच्या सुमारे ३६०० मीटरवरून एकाच दिवसात ५१०० च्या वर चढून जायचं. विरळ हवेची सवय नसलेल्या माणसाला हे नको. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची सरासरी रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम आम्ही वेळ वाचवण्यासाठी मोडणार नाही. दरडी कोसळून रस्ता बंद असेल आणि हेलिकॉप्टरने थेट सामागाव गाठावं लागलं, तर तिथे चार रात्री सक्तीच्या. म्हणजे हेलिकॉप्टरने फार दिवस वाचत नाहीत. हे सदस्यांना आधीच सांगून ठेवलं.

८ फेब्रुवारी

निवडीचे निकष लिहून काढले. पैसे भरले म्हणजे जागा मिळाली असं इथे होणार नाही.

– गिर्यारोहणाचे बेसिक आणि ॲडव्हान्स, दोन्ही कोर्स. उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनाली, कुठलेही चालतील.
– एक सात हजारी शिखर (नून, कून, सतोपंथ यांपैकी किंवा त्या तोडीचं), नाहीतर दोन सहा हजारी, ज्यांवर स्वतः जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) वापरून फिक्स रोपवर (डोंगराला आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर) चढलेला-उतरलेला असावा.
– सिंहगड आतकरवाडीच्या वाटेने, पाठीवर १५ किलो, सलग तीन वेळा, सहा तासांच्या आत. चढ साधारण ६०० मीटरचा, तीन फेऱ्यांत १८०० मीटर.

सह्याद्रीत उंची मिळत नाही, त्यामुळे रक्ताची तयारी इथे होत नाही. पायांची आणि पाठीची होते. तिसऱ्या फेरीत उतरताना बघायचं असतं. चढताना सगळेच दम टिकवतात. उतरताना पाय कुठेही पडायला लागले, काठी चुकीच्या हातात राहायला लागली, की त्या माणसाचा साठा संपला आहे. अपघात जास्त उतरताना होतात म्हणून गुण उतरण्यालाच जास्त.

एका महिन्यात एकदा कात्रज ते सिंहगड रात्री. झोप न घेता आठ-दहा तास चढउतार केल्यावर पोट काय करतं आणि माणूस पाणी प्यायला विसरतो का, हे त्यातून कळतं.

१ मार्च

ऑक्सिजनचा तक्ता. आजचा सगळा दिवस यातच गेला आणि तो जायलाच हवा होता.

शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाहून जेमतेम जास्त. बाटली चार लिटरची, २८० बारपर्यंत भरलेली. ४ गुणिले २८०, म्हणजे ११२० लिटर वायू. त्यातल्या वायूचंच वजन दीड किलो, भरलेली बाटली चार किलोच्या आसपास.

एका सदस्याचा खर्च असा:

कॅम्प ३ ची झोप, मिनिटाला अर्धा लिटर, ८ तास : २४० लिटर
कॅम्प ३ ते ४, मिनिटाला २ लिटर, ६ तास : ७२०
कॅम्प ४ ची विश्रांती, अर्धा लिटर, ६ तास : १८०
कॅम्प ४ ते शिखर, २ लिटर, ८ तास : ९६०
शिखर ते कॅम्प ४, २ लिटर, ४ तास : ४८०
कॅम्प ४ ते ३ उतरताना, १ लिटर, ३ तास : १८०

बेरीज २७६०. भागिले ११२०, जवळजवळ अडीच बाटल्या. कागदावर तीन पुरतात. प्रत्यक्षात पुरत नाहीत, कारण बाटली कधीच तळापर्यंत वापरून बदलता येत नाही. सोयीच्या, सपाट, वारा नसलेल्या जागी बदलावी लागते, मग आत तीनशे लिटर का उरलेले असेनात. शिवाय फिक्स रोपवर रांग लागली की तीन तास जातात, त्याचे ३६० लिटर. २०२२ च्या मोसमात या एकाच शिखराचे चारशेहून जास्त परवाने गेले होते. रांग लागणार हे गृहीत धरूनच चालायचं. म्हणून सदस्यामागे चार बाटल्या.

आता खरी गोष्ट. चढाईच्या रात्री पाठीवर एक आणि शेर्पाकडे एक, मिळून दोन बाटल्या, २२४० लिटर. मिनिटाला २ लिटर चालवलं तर १८ तास ४० मिनिटं. ४ लिटर चालवलं तर ९ तास २० मिनिटं. रात्री एकला निघालेला माणूस "आज जोर आहे, वाढव" म्हणून ४ वर चालत राहिला तर सकाळी सव्वादहाच्या सुमारास, म्हणजे बरोबर शिखराच्या आसपास असताना, त्याचं सगळं संपतं. चढताना त्याला काहीच त्रास होत नाही, उलट तो सगळ्यांच्या पुढे असतो. म्हणून वाढीव प्रवाह हा वेग वाढवायचा उपाय नव्हे, परतीचे तास आगाऊ खर्च करणं आहे. हा आकडा प्रत्येक सदस्याला पाठ असला पाहिजे.

नियम: चढताना २. शेवटच्या उभ्या टप्प्यात, शेर्पाने सांगितलं तर आणि तेवढाच वेळ, ३. रेग्युलेटरला (बाटलीतून येणारा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या झडपेला) हात शेर्पा किंवा प्रशिक्षकच लावणार.

एकूण: परवान्यावरच्या आठ जणांना प्रत्येकी ४ = ३२; शेर्पांना प्रत्येकी २ = १६; बचावासाठी ४. मिळून ५२ बाटल्या, दोनशे किलोंच्या वर. वरच्या कॅम्पांमध्ये एका खेपेत चार बाटल्या धरल्या तरी नुसत्या ऑक्सिजनसाठी तेरा खेपा. एक बाटली वाढवायची म्हणजे आपण चेकवर आकडा वाढवतो आणि कुणाच्या तरी पाठीवर चार किलो चढवतो. म्हणून ५२ वर थांबलो.

८ मार्च

तक्ता सरदार दाईंना (शेर्पांच्या म्होरक्यांना) पाठवला होता, आज बोलणं झालं. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या, दोन्ही मान्य.

एक, बचावाच्या चारही बाटल्या आम्ही कॅम्प ४ ला ठेवल्या होत्या. त्यांचं म्हणणं, दोन कॅम्प ३ ला हव्यात. आजारी माणूस वर चढून बाटलीकडे जात नाही, बाटली खालून त्याच्याकडे न्यावी लागते, किंवा तो तिच्यापर्यंत खाली उतरतो.

दोन, ठेवलेली बाटली सापडली पाहिजे. सप्टेंबरात एका रात्रीत अर्धा-एक मीटर बर्फ पडला की साठा गाडला जातो आणि तंबूच्या जागेचीही ओळख राहत नाही. दीड-दोन मीटरच्या बांबूच्या काठ्या, टोकाला लाल फडकं, प्रत्येक साठ्याच्या दोन टोकांना एकेक, आणि जीपीएसची नोंद. काठ्या चाळीस. काठमांडूत मिळतात, इथून न्यायला नकोत.

२२ मार्च

काठमांडूच्या संस्थेशी करार. लिहून घेतलेले मुद्दे:

'शिखर' म्हणजे काय, हे शब्दांत. मनास्लूवर वर्षानुवर्षं बहुतेक संघ खऱ्या शिखराच्या अलीकडच्या टेकाडावरूनच परत येत होते, कारण दोर तिथेच संपायचे. २०२१ च्या सप्टेंबरात नेपाळी गिर्यारोहक मिंग्मा जी आणि त्यांचा संघ धारेखालून आडवा जाऊन शेवटच्या टोकावर चढला, आणि ड्रोनच्या छायाचित्रात दोन्ही जागांमधला फरक जगाने पाहिला. २०२२ पासून नेपाळमधल्या चढायांची नोंद ठेवणारा हिमालयन डेटाबेसही खऱ्या शिखराचीच नोंद धरतो. तो आडवा टप्पा लहान आहे पण तीव्र उताराचा, दमलेल्या पायांना जड. तेव्हा करारात: दोर शेवटच्या टोकापर्यंत, आणि तिथे दोर नसेल तर मोहीम टेकाडावरून परत फिरेल व नोंद तशीच केली जाईल. प्रमाणपत्रासाठी वेगळं काही लिहिलं जाणार नाही.

बाकी: दोर बसवण्याच्या सामाईक खर्चातला आमचा वाटा, लायझन ऑफिसर (मोहिमेवर नेमलेला सरकारी अधिकारी), आठही शेर्पांच्या आणि स्वयंपाकघरातल्या माणसांच्या विम्याच्या प्रती आमच्या हातात, नुसतं तोंडी "झालाय" चालणार नाही, शिखराचा बोनस सदस्य परत फिरला तरी शेर्पाला पूर्ण. हे शेवटचं कलम आम्ही आग्रहाने घातलं. सदस्याला परत फिरवल्याने शेर्पाचे पैसे कापले जाणार असतील, तर योग्य वेळी "चला खाली" म्हणणं त्याच्यासाठी महाग होतं. तो भार त्याच्यावर टाकायचा नाही.

१९ एप्रिल

नागफणीच्या कड्यावर दोराचा सराव. भर उन्हात, हातात जाड मिटन (चार बोटं एकत्र राहणारे हातमोजे) घालून. घामाने मिटन आतून भिजतात, तरी काढायचे नाहीत. वर उणे पंचवीसला काढता येणार नाहीत, म्हणून.

खुंटी (दोर डोंगराला बांधलेली जागा) ओलांडताना क्रम: आधी सेफ्टी कॅराबिनर (कमरपट्ट्याला जोडलेली, उघडझाप होणारी कडी) खुंटीच्या पलीकडच्या दोरात, तो ओढून बघायचा, मग जुमार काढून पलीकडे. दोन्हीपैकी एक कायम दोरात. सगळ्यांना क्रम येतो, तरी दहाव्या-बाराव्या खुंटीला दोघांनी आधी जुमार काढला. थकवा आला की हात सवयीने चालतो, आणि सवय लागायला पन्नास खुंट्या करायला लागतात, दहा नव्हे. पुढच्या सरावात प्रत्येकी पन्नास.

उतरताना आकडा-आठ (दोर ओवून उतरायचं, आठच्या आकाराचं धातूचं साधन) हातातून निसटणं ही नेहमीची चूक. मोठ्या भोकात कॅराबिनर अडकवलेला असतानाच दोर ओवून घ्यायचा आणि मग आकडा फिरवून लहान भोक अडकवायचं. तो एक क्षणही मोकळा राहत नाही. मिटन घालून हे जमायला प्रत्येकाला पंधरा-वीस प्रयत्न लागले. निसटलाच तर कॅराबिनरला दोराची इटालियन हिच ही गाठ मारून उतरायचं. तेही करून घेतलं.

१० मे

बूट. आठ हजारीचे तिहेरी बूट नेहमीच्या मापापेक्षा एक ते दीड मापाने मोठे, दोन मोजे घालून. कसोटी: उतारावर टाच उचलून उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकता कामा नये. टेकला तर सहा तास उतरताना नख काळं पडतं, आणि दाबलेल्या बोटात रक्त फिरत नसल्याने हिमदंशही त्यालाच आधी.

क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली बसवायचे धातूचे दाते) त्याच बुटावर चढवून बघणे, दुकानातल्या दुसऱ्या बुटावर नव्हे. एकाच्या क्रॅम्पॉनची पुढची तार बुटाच्या खाचेत अर्धीच बसत होती. घरात चालताना कळत नाही. भिंतीला पुढचे दात मारून वजन टाकलं की सटकते. तार बदलून मिळाली.

डाउन सूटला (पिसं भरलेल्या अंगभर पोशाखाला) पुढची चेन दुहेरी सरकपट्टीची आणि मागचा कप्पा हार्नेस (दोराला जोडायचा कमरपट्टा) न सोडता उघडणारा हवा. तिघांचे सूट भाड्याचे, काठमांडूत. त्यांनी तिथे एक दिवस आधी पोचायचं.

१४ जून

खाणं. बेस कॅम्पवर स्वयंपाकी आहेत, चिंता नाही. प्रश्न कॅम्प २ च्या वरचा. तिथे भूक मरते, तेल-तूप पचत नाही, आणि माणूस फक्त ओळखीची चव तोंडात घेतो. महागडी परदेशी पाकिटं तशीच परत येतात.

घरच्या फ्रीझरमध्ये, उणे अठराला, रात्रभर ठेवून सकाळी लगेच खाऊन पाहिलं. राजगिऱ्याचा लाडू पास, तसाच कुरकुरीत. गूळपोळी कडक होते पण पातळ असल्याने मोडते, पास. साखरफुटाणे आणि लिमलेटच्या गोळ्या पास. खजूर चामड्यासारखा, नापास. चिक्की अखंड नापास, दातच जाईल. आधीच करंगळीच्या नखाएवढे तुकडे करून नेली तर तोंडात विरघळवता येते. मेतकूट-भाताचं तयार मिश्रण, भाजून दळलेल्या तांदळाचं, गरम पाण्यात दोन मिनिटांत होतं. लिंबाचं लोणचं छोट्या पाकिटांत, रोज एक.

सुंठ-साखर वेगळी. गरम पाण्यात एक चमचा. साध्या पाण्याचा कंटाळा येऊन माणूस पिणं सोडतो, त्यावर हा सोपा उपाय.

२८ जून

विमा आणि संपर्क.

विम्याच्या कागदात "ट्रेकिंग" शब्द पाहून समाधान मानू नये. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत उंचीची मर्यादा आणि "दोर किंवा गाइडच्या मदतीने केलेलं गिर्यारोहण" हे दोन्ही शोधायचं. चार सदस्यांच्या आणलेल्या पॉलिसींपैकी तीन तिथेच बाद झाल्या. हेलिकॉप्टर उडण्याआधी पैशांची हमी मागितली जाते. ती कोण, कुठल्या नंबरवरून, किती वेळात देणार, हे प्रत्येकाच्या घरच्या एका माणसाच्या नावासह कागदावर.

सॅटेलाइट फोन पुण्याहून नेऊ नये. भारतात परवानगीशिवाय असा फोन जवळ बाळगणं गुन्हा आहे. खिशात मावणारी, उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रंही त्यातच धरतात. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना यावरून अडवल्याच्या घटना आहेत. काठमांडूत भाड्याने, तिथल्या परवान्यासह. वॉकीटॉकीचाही परवाना तिथे.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, हातातल्या सामानात. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर, १०० च्या मर्यादेत.

१२ जुलै

औषधं, संघाच्या डॉक्टरांबरोबर. मात्रा त्यांनीच लिहून दिल्या, बदल त्यांच्याच सांगण्यावरून.

विरळ हवेची सवय होण्यासाठी ॲसिटाझोलामाइड १२५ मिग्रॅ. दोन वेळा. घरी दोन दिवस घेऊन पाहायची: बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव बेचव लागते, लघवी वाढते, हे चालतं. अंगावर पुरळ आलं तर बंद. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी आधी सांगणे. मेंदूच्या सुजेसाठी डेक्सामेथासोन, आधी ८ मिग्रॅ., मग दर सहा तासांनी ४. फुप्फुसात पाणी होऊ लागलं तर हळू सुटणारी निफेडिपिन ३० मिग्रॅ., बारा तासांनी. या दोन्ही गोळ्या माणसाला खाली नेण्यासाठी आहेत. गोळी घेतली, बरं वाटलं, वर चढू, हे या मोहिमेत होणार नाही.

डेक्साची काचेची कुपी गोठून तडकते. मऊ नळीत, कापूस लावून, डाउन सूटच्या आतल्या खिशात, छातीला लागून. कुठल्या खिशात ते सगळ्यांचं एकच: डावा. बेशुद्ध माणसाचे खिसे शोधत बसायला वेळ नसतो.

दाबाची पिशवी (आजारी माणसाला आत ठेवून हवा भरायची) बेस कॅम्पवर एक. पायपंप सतत मारत राहावा लागतो, म्हणून किमान तीन माणसांना तासतासाची पाळी. पिशवी आहे म्हणजे निर्धास्त, असं नाही.

२६ जुलै

गॅस. एक लिटर पाण्यासाठी उणे पंधराचा बर्फ वितळवून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ७०० किलोज्यूल लागतात. निम्मीच उष्णता भांड्यात जाते असं धरलं तर तीस ग्रॅम गॅस. नुसतं कोमट करायला वीस. माणशी रोज दोन लिटर उकळलेलं आणि दोन लिटर कोमट, म्हणजे शंभर ग्रॅम. सदस्य आणि शेर्पा मिळून वरच्या कॅम्पांतले सुमारे १५० माणूस-दिवस: १५ किलो. २३० ग्रॅमचे ६५ डबे, वादळात अडकण्यासाठी वीस टक्के वाढीव, एकूण ८०. विमानात नेता येत नाहीत, काठमांडूतच घ्यायचे, आणि साधा ब्युटेन नको: तो शून्याच्या आसपासच बाष्प होणं थांबवतो. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण. तरीही डबा थंड पडला की ज्योत लहान होते. ताटलीत दोन बोटं कोमट पाणी घेऊन त्यात डबा ठेवायचा.

कॅम्प ४ ला पाणी ७६ अंशांच्या आसपासच उकळतं. तांदूळ तिथे शिजणार नाही, डाळ तर नाहीच. तयार मिश्रणच.

९ ऑगस्ट

हिमप्रपात आणि परत फिरण्याची वेळ. दोन्ही इथे, पुण्यात, टेबलावर ठरवायचं. वर गेल्यावर प्रत्येकाकडे पुढे जाण्याचं एकेक चांगलं कारण असतं.

२३ सप्टेंबर २०१२ ला पहाटे कॅम्प ३ वर हिमप्रपात कोसळून अकरा जण गेले. माणसं तंबूत झोपलेली होती. २६ सप्टेंबर २०२२ ला कॅम्प ३ आणि ४ च्या दरम्यान पुन्हा झाला. दोन्ही वेळा महिना आपल्या चढाईचाच, आठवडाही जवळजवळ तोच. म्हणून:

चोवीस तासांत ३० सेंमीपेक्षा जास्त बर्फ पडला तर पुढचे ४८ तास कॅम्प १ च्या वर कुणी हलणार नाही. इतर संघ गेले तरी नाही. कॅम्प ३ चे तंबू वरच्या लोंबत्या बर्फाच्या रेषेबाहेर, अर्धा तास खाली असले तरी चालतील. त्या जागी एकच रात्र. विश्रांतीचा दिवस तिथे घ्यायचा नाही. सोळाही जणांकडे ॲव्हलांच बीकन (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधण्यासाठी लहरी सोडणारं यंत्र), बेस कॅम्प सोडताना चालू, एकमेकांचा तपासून. मोबाइल आणि बीकनमध्ये किमान २० सेंमी अंतर, शोधताना ५०. बॅटरीवर गरम होणारे मोजे-हातमोजेही बीकनच्या लहरीत गोंधळ करतात. शोध सुरू होताच बंद.

परत फिरण्याची वेळ सकाळी १०. शिखर समोर दिसत असलं तरी. एकला निघून दहापर्यंत नऊ तास, उतरायला चार, एकूण तेरा. २ लिटरच्या हिशेबाने जवळजवळ पावणेसहा तासांचा वायू हाताशी राहतो. ती राखीव रक्कम वादळासाठी, वाट चुकण्यासाठी, दुसऱ्याच्या ऑक्सिजनच्या मुखवट्यासाठी आहे. शिखरासाठी नाही. हा हिशेब आठही जणांनी वाचून सह्या केल्या, आणि सदस्यांच्या घरीही एकेक प्रत.

वाऱ्याची मर्यादा: ८००० मीटरवर ताशी ३० किमीपेक्षा कमी, सलग ३६ तास. एकच चांगला दिवस आणि पुढे वादळ, अशी खिडकी घ्यायची नाही.

२३ ऑगस्ट

बांधाबांध. हमालाचं ओझं ३० किलो, म्हणून प्रत्येक ड्रम रिकाम्या वजनासह २८ ते ३० च्या आत. बाहेर नंबर, आत यादी, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. क्रॅम्पॉन टोकांना जाड नळी लावून, डाउनपासून वेगळ्या ड्रममध्ये. वरच्या कॅम्पचं आणि बेस कॅम्पचं सामान एकत्र बांधलं की तिथे गेल्यावर सगळे ड्रम ओल्या बर्फात उलटे करावे लागतात. यंदा निळी पट्टी वरचं, पांढरी खालचं.

सामागाव ते बेस कॅम्प ओझी गावातले लोकच उचलतात. दर गावाशी बोलून ठरतो, घासाघीस करायची नाही. या गावाचा आणि डोंगराचा संबंध बाहेरच्यांनी समजून घ्यावा. १९५३ च्या जपानी प्रयत्नानंतर हिमप्रपाताने गोंपा (बौद्ध मठ) उद्ध्वस्त झाला, गावकऱ्यांनी तो देवाचा कोप मानला आणि पुढच्या वर्षी आलेल्या संघाला वर जाऊ दिलं नाही. शिखरावर पहिलं पाऊल ९ मे १९५६ ला पडलं, तोशियो इमानिशी आणि ग्याल्झेन नोर्बू यांचं. पूजा होण्याआधी आमचा एकही माणूस बेस कॅम्पच्या वर पाऊल टाकणार नाही. दिवस लामा सांगतील तो. १४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे. बेस कॅम्पवर उकडीचं पीठ, गूळ आणि सुकं खोबरं एका पांढऱ्या पट्टीच्या ड्रममध्ये आहे, क्रमांक ११.

वर वापरायच्या शौचाच्या पिशव्या माणशी बारा. भरलेल्या खाली येणार, मोजून.

३१ ऑगस्ट, काठमांडू

गोदामात ५२ बाटल्यांची तपासणी. प्रत्येक बाटली उचलून, दाबमापक लावून, आकडा पांढऱ्या पट्टीवर लिहून ती पट्टी बाटलीला. इथे आज पंचवीस अंश. हीच २८० ची बाटली वर उणे पंचवीसला २३५ च्या आसपास दाखवेल. वायू तेवढाच असतो, थंडीने दाब उतरतो. हे माहीत नसलं की पहाटे तीनला "बाटली गळतेय" म्हणून घबराट होते. आजचा आकडा पट्टीवर असल्याने तिथे ताडून बघता येईल.

४९ बाटल्या २७५ च्या वर. एक २६०, ती बेस कॅम्पवर ठेवायची, तिच्या जागी वर भरलेली मागितली. दोन २१० च्या खाली. एकीची झडप साबणाच्या पाण्यात बुडबुडे देत होती, दुसरी बहुधा वापरून परत आलेली. या तिन्हींच्या जागी भरलेल्या तीन उद्या सकाळी आठला येणार. आल्यावर याच मापकाने मोजणे.

मुखवटे आणि रेग्युलेटर सोळा संच, चार जास्तीचे. मुखवटा आधी, गॉगल नंतर, अशी बसवून दहा मिनिटं पायऱ्या चढायला लावल्या. गॉगलवर वाफ धरली तर नाकाच्या वर फट आहे. तिघांची फट निघाली. दोघांची पट्टा घट्ट करून गेली, तिसऱ्याला लहान मापाचा मुखवटा. जास्तीच्या चारपैकी एका रेग्युलेटरचे आटे बाटलीवर दीड फेऱ्यातच अडकतात. तो वेगळ्या बनावटीचा आहे, जोर लावून बसवायचा नाही. बाजूला काढला, त्यावर लाल पट्टी. उद्या बाटल्यांबरोबर त्याच्या जागी दुसरा येईपर्यंत जास्तीचे तीनच धरणे.